अर्ध्यावरून परतणाऱ्याचा हिशेब

गेल्या पावसाळ्यांतील गोष्ट. आपल्या शाळेच्या संगणककक्षांत कोपऱ्यांत जो जुना संगणक आहे, तो सकाळीं उत्साहानें काम करी, मधल्या सुटीनंतर जडावे, आणि शेवटच्या तासाला तर एकेक अक्षर उमटवावयास इतका विलंब लावी कीं मुलें कंटाळून खिडकीबाहेर पाहूं लागत. त्यावर माझा उपाय ठरलेला होता. यंत्र बंद करावें, क्षणभर थांबावें, पुन्हा चालू करावें. तें पूर्ववत् चालूं लागे, आणि आपण कांहीं विद्या केली अशा समाधानानें मी फळ्याकडे वळत असें. एके दिवशीं नववींतील एका मुलीनें विचारलें, “सर, नुसतें बंद करून चालू केलें कीं तो नीट होतो, तर मग त्याचें बिघडलेलें असतें तरी काय?”

मला उत्तर देतां आलें नाहीं. “यंत्रेंहि थकतात,” असें कांहींतरी बोलून मीं वेळ मारून नेली. शिक्षकाच्या तोंडीं असें उत्तर येणें ही लाजेची गोष्ट आहे, कारण यंत्र अशा रीतीनें थकत नाहीं. थकतो तो त्याच्या आंतील कारभार, आणि तोहि बहुधा कोणीतरी घेतलेली वस्तु परत न केल्यामुळें. त्या मुलीच्या प्रश्नाचें उत्तर शोधतांना जें वाचनांत आलें व त्यावरून जें मत बनलें, तें येथें मांडीत आहें.

विंचूर हें सरदारांचें गांव. पानिपतच्या रणांत असलेल्या विठ्ठल शिवदेव विंचूरकरांचें नांव येथील प्रत्येक मुलाच्या कानांवर असतें, त्यामुळें वाडा, कोठी व कारभारी म्हणजे काय हें मला समजावून सांगावें लागणार नाहीं. संगणक हा वाडा समजा. ऑपरेटिंग सिस्टीम म्हणून जी व्यवस्था असते ती ह्या वाड्याची कारभारी. संगणकाची तात्पुरती स्मृति, जिला आपण मेमरी म्हणतों, ती कोठी होय. ज्याला ज्याला काम करावयाचें असतें तो तो कारभाऱ्याकडे येऊन कोठींतून लागेल तेवढी जागा मागतो. कारभारी ती देतो व कोणास किती दिली तें वहींत मांडून ठेवतो. काम संपलें म्हणजे घेणाऱ्यानें “ही घ्या परत” असें सांगावयाचें असतें. तें सांगितलें नाहीं तर कारभाऱ्याच्या दृष्टीनें ती जागा अद्याप वापरांतच आहे. ती कोणाच्या उपयोगीं पडत नाहीं आणि दुसऱ्या कोणाला देतांहि येत नाहीं. ह्यालाच संगणकशास्त्रांत गळती म्हणतात. शब्द थोडा फसवा आहे. पाणी गळतें तेव्हां निदान जमीन तरी भिजते; येथें कांहींच बाहेर पडत नाहीं, आंतल्या आंत कोठी आकसत जाते.

आतां वाड्यांत येणारे लोक दोन प्रकारचे. पत्र लिहिण्याचा, चित्र काढण्याचा किंवा खेळण्याचा जो कार्यक्रम आपण उघडतों तो बाहेरचा पाहुणा. तो विसराळू असला तरी फारशी चिंता नसते, कारण तो निघून गेला कीं कारभारी स्वतः त्याची खोली धुंडाळून त्याच्या नांवावरची सारी जागा परत जमा करतो. परंतु छापण्याचें यंत्र, कॅमेरा, बिनतारी जाळ्याचें उपकरण हीं प्रत्येक आपापल्या बोलींत बोलणारीं. त्यांचें बोलणें कारभाऱ्यास कळावें म्हणून प्रत्येकासाठीं एक दुभाषी नेमावा लागतो. त्यालाच ड्रायव्हर म्हणतात. हा दुभाषी दारांत उभा राहून बोलत नाहीं. लिनक्ससारख्या व्यवस्थेंत त्याला कारभाऱ्याच्या आंतल्या दालनांतच बसवितात आणि किल्ल्याहि बहुतेक त्याच्या हातीं असतात. त्यानें मागितलेल्या जागेचा झाडा त्याच्यामागून घेणारें कोणी नसतें. तो जें परत करावयास विसरला तें वाडा पाडून पुन्हा बांधीपर्यंत, म्हणजे संगणक बंद करून चालू करीपर्यंत, अडकून पडतें. माझा तो ठरलेला उपाय म्हणजे दररोज दुपारीं वाडा पाडून नवा बांधण्यासारखा होता. वहीच नवी, म्हणून थकबाकी शून्य!

हें विसरणें कसें घडतें तें एका खऱ्या उदाहरणावरून पाहूं. हेलसिंकी येथील विद्यार्थी लिनस टॉरव्हाल्ड्स ह्यानें १९९१ सालीं जी लिनक्स नांवाची व्यवस्था जाहीर केली, तिच्या गाभ्याचा सारा मजकूर कोणालाहि वाचतां येतो. आज बहुसंख्य भ्रमणध्वनींच्या आंत तीच आहे, आणि ज्या सी-डॅक संस्थेचें मुख्य ठाणें पुण्यास आहे, तिनें २००७ सालीं भारतीयांसाठीं जी ‘बॉस’ नांवाची व्यवस्था बाहेर आणली तीहि लिनक्सवरच उभी आहे. ह्या गाभ्याच्या मजकुरापैकीं निम्म्याहून अधिक भाग एकट्या ड्रायव्हरांनीं व्यापलेला आहे. संगणकावर दूरदर्शनचे कार्यक्रम पाहण्यासाठीं जीं कार्डें बसवितात, त्यांपैकीं एका जातीच्या कार्डांत दूरनियंत्रकाचे अदृश्य किरण ओळखणारी एक चकती असते. तिचें नांव सीएक्स-२३८८८. तिचा दुभाषी कामावर रुजू होतांना कारभाऱ्याकडे दोन गोष्टी मागतो. पहिली, स्वतःची टिपणें ठेवण्यासाठीं थोडी जागा. दुसरी, येणारे इशारे ओळीनें ठेवण्यासाठीं आणखी कांहीं जागा. दोन्ही मिळाल्या तर सर्व ठीक. पण पहिली मिळाली आणि दुसरी मिळाली नाहीं तर? तर तो दुभाषी “जागा नाहीं” एवढा निरोप देऊन परत फिरे, आणि पहिली जागा तशीच आपल्या नांवावर ठेवून जाई. २०१९ सालीं हा दोष सीव्हीई-२०१९-१९०५४ ह्या क्रमांकानें जगाच्या नोंदवहींत आला. दुरुस्ती काय झाली? परत फिरण्यापूर्वीं पहिली जागा सोडून द्यावी, अशी एक ओळ घातली गेली. त्याच वर्षीं बिनतारी जाळ्याच्या एका मार्व्हेल बनावटीच्या उपकरणाच्या ड्रायव्हरांतहि अगदीं अशीच चूक नोंदली गेली; तेथें घेतलेली जागा उपकरणाच्या नजरेस आणण्याची पुढची पायरी फसली कीं ती जागा तशीच राहून जात असे.

वाचकांनीं येथें एक गोष्ट ध्यानांत घ्यावी. ज्यांनीं हें लिहिलें ते अडाणी नव्हते. सरळ वाटेवर त्यांचें काम निर्दोष होतें. दोन्ही जागा मिळाल्या असत्या तर पुढें कार्ड काढून घेतांना त्या दोन्ही परत करण्याची व्यवस्थाहि त्यांनीं केलेली होती. चूक राहिली ती अर्ध्यावरून माघारीं येणाऱ्या वाटेवर. त्या वाटेनें वर्षानुवर्षें कोणी जात नाहीं, त्यामुळें तेथला खड्डा कोणाला दिसतहि नाहीं. स्टॅनफर्ड विद्यापीठांतील संशोधकांनीं २००१ सालीं लिनक्सच्या गाभ्याची यंत्राकरवीं तपासणी केली, तेव्हां ड्रायव्हरांतील चुकांचें प्रमाण इतर भागांच्या मानानें तीनपासून सातपटीपर्यंत अधिक असल्याचें त्यांस आढळलें. मला त्याचें नवल वाटलें नाहीं. उपकरण मध्येंच निखळतें, अर्धवट उत्तर देतें, किंवा उत्तरच देत नाहीं. माघारीचे प्रसंग ज्याच्या वांट्यास सर्वांत अधिक, तो हा दुभाषीच.

हें वाचतांना मला आमचाच एक नाताळ आठवला. उपासनेनंतरच्या नाटकासाठीं शेजारच्या मंडळींकडून सतरंज्या, दोन मोठीं पातेलीं व एक बाजाची पेटी मागून आणली होती. व्यवस्था माझ्याकडे होती. कार्यक्रम झाल्यावर कोणती वस्तु कोणी पोंचवावयाची ह्याची यादी मीं चार दिवस आधीं करून भिंतीला लावली होती आणि तिचा मला अभिमानहि वाटत होता. त्या संध्याकाळीं अवकाळी पाऊस आला व कार्यक्रम रद्द झाला. मग काय झालें? कार्यक्रमच झाला नाहीं, तेव्हां ‘कार्यक्रम झाल्यावर’ करावयाचीं कामें कोणीच केलीं नाहींत. सतरंज्या मागच्या खोलींत ओल्याच राहिल्या. तीन आठवड्यांनीं एका घरीं लग्न निघालें आणि त्यांची माणसें सतरंज्या शोधीत आलीं, तेव्हां मला माझ्या यादींतील उणीव कळली. यादी चुकीची नव्हती. ती फक्त यशाच्या दिवसासाठीं लिहिलेली होती.

बुरूज बांधावयास निघालेल्या व तो पुरा न करूं शकलेल्या मनुष्याचा दाखला आपण शास्त्रपाठांत शिकतों. आधीं खर्चाचा अंदाज घ्यावा, हा त्याचा रोख आहे आणि तो योग्यच आहे. परंतु त्या अर्धवट बुरुजासाठीं उसने आणलेले दगड व चुना पुढें कोणी परत केला, असें माझ्या मनांत मात्र तेव्हांपासून येत असतें.

कोणी म्हणेल, चार आण्यांची गोष्ट. एखादी लहानशी जागा अडकली तर एवढें काय बिघडलें? एकदां अडकली तर कांहीं नाहीं. पण ती वाट पुन्हा पुन्हा चालतां येत असेल तर हिशेब निराळा होतो. समजा, प्रत्येक फसलेल्या प्रयत्नाला ४ किलोबाइट जागा अडकते आणि यंत्राची सारी स्मृति ४ गिगाबाइट आहे. ४ गिगाबाइट म्हणजे ४१,९४,३०४ किलोबाइट. त्यांस ४ नें भागिलें म्हणजे १०,४८,५७६ प्रयत्न. हातानें इतके प्रयत्न करणें मनुष्यास फार जड जाईल. परंतु यंत्राकडून सेकंदास हजार प्रयत्न करविले तर साडेसतरा मिनिटांत कोठी रिकामी! आणि ही कोठी कोणा एका कार्यक्रमाची नव्हे, साऱ्या वाड्याची. ती संपली कीं कारभारी स्वतःच हतबल होतो. मग तो चालू असलेलीं कामें बळेंच बंद पाडूं लागतो, नाहीं तर जागच्या जागीं थिजून जातो.

विंचूरच्या उपबाजारांत कांद्याच्या हंगामांत जो गेला असेल त्याला हें डोळ्यांसमोर आणणें कठीण नाहीं. ट्रॅक्टर आवारांत येतो, बोली होते, सौदा ठरतो, माल उतरतो, वजन होतें, रिकामी ट्रॉली बाहेर पडते. कधीं कधीं ट्रॉली उतरवितांना आंतला माल वरच्यासारखा नाहीं म्हणून सौदा मोडतो, आणि मग ती ट्रॉली पुन्हा बोलीला लावावी लागते अथवा परत न्यावी लागते. आतां अशी कल्पना करा कीं सौदा मोडलेली ट्रॉली आवाराबाहेर काढण्याचा नियमच कोणी केला नाहीं. प्रामाणिक शेतकऱ्यांच्या दोन-चार ट्रॉल्या अडकल्या तरी बाजार चालेल. पण एखाद्या दुष्टास हें कळलें आणि तो मुद्दाम मोडणारे सौदे घेऊन येऊं लागला, तर दुपारपर्यंत आवार भरून जाईल व खरा माल रस्त्यावर उभा राहील. त्यानें एक कांदाहि चोरलेला नसेल. येथेंच चूक आणि असुरक्षितता ह्यांतील सीमा ओलांडली जाते. चोरी होणें तेवढेंच संकट नव्हे. ज्याचें काम त्याला वेळेवर करतां न येणें हेंहि संकटच आहे.

मुद्दाम कोणी न करतांहि हें घडतें, ह्याचें सर्वांत दारुण उदाहरण लंडन शहरांतील आहे. तेथील रुग्णवाहिकांच्या पाठवणीचें काम २६ ऑक्टोबर १९९२ रोजीं संगणकाकडे सोंपविण्यांत आलें आणि पहिल्या दोन दिवसांतच इतका गोंधळ माजला कीं कांहीं काम पुन्हा माणसांकडे द्यावें लागलें. त्यानंतर थोडे दिवस बरें चाललें. ४ नोव्हेंबरच्या मध्यरात्रीनंतर मात्र ती यंत्रणा मंद होत होत अजिबात बंद पडली. चौकशींत कारण निघालें तें असें: सुमारें तीन आठवड्यांपूर्वीं दुरुस्ती करतांना एका लेखकाच्या हातून आज्ञांचा एक लहान तुकडा आंत राहून गेला होता. एक गाडी पाठविली कीं तो तुकडा मुख्य संगणकाच्या स्मृतींतील थोडी जागा घेई आणि सोडीत नसे. गाड्या जात राहिल्या, जागा संपत राहिली, आणि एका रात्रीं ती संपली. तो ड्रायव्हर नव्हता, साधा कार्यक्रम होता. पण चाल तीच. आजाऱ्याला न्यावयास निघालेल्या प्रत्येक गाडीनें, कोणाच्या ध्यानीं मनीं नसतां, ती यंत्रणा बंद पडण्याचा क्षण थोडा थोडा जवळ आणला होता.

गळतीचा आणखी एक प्रकार आहे आणि तो मला सर्वांत विलक्षण वाटतो. कारभारी जागेप्रमाणेंच मोजदादहि ठेवतो. अमुक एक वस्तु किती जण वापरीत आहेत ह्याचा आंकडा. घेणारा आला कीं एक वाढवावा, परत केली कीं एक उणा करावा, शून्य झालें कीं वस्तु मोडींत काढावी. लिनक्सच्या गाभ्यांत गुप्त किल्ल्यांच्या जुडग्यांसाठीं अशी मोजदाद आहे. एखाद्यानें आपल्याजवळ असलेलाच जुडगा पुन्हा मागितला, तर आंकडा एकनें वाढे आणि त्या क्वचित्‌च्या वाटेवर तो उणा करावयाचें राहून जाई. सायकलीच्या मीटरवर ९९,९९९ नंतर जसे पुन्हा ००,००० येतात तसेंच ह्या आंकड्याचें असतें. ४,२९,४९,६७,२९६ वेळां तें केलें कीं आंकडा फिरून शून्यावर येतो. कारभाऱ्याला वाटतें, आतां कोणी वापरीत नाहीं, आणि तो वस्तु मोडींत काढतो. ती ज्याच्या हातांत आहे तो मात्र हातांत धरूनच असतो. त्या मोकळ्या झालेल्या जागेंत आपल्या सोयीचा मजकूर घुसवून तो साऱ्या वाड्याचा धनी होऊं शकतो. हा दोष सुमारें तीन वर्षें तेथें होता. जानेवारी २०१६ मध्यें पर्सेप्शन पॉइंट ह्या इस्रायली संस्थेच्या संशोधकांनीं तो उघड केला आणि सीव्हीई-२०१६-०७२८ म्हणून त्याची नोंद झाली. पुढल्याच वर्षीं गाभ्यांत मोजणीची नवी रीत आली: आंकडा फार मोठा होऊं लागला तर तो तेथेंच गोठवावयाचा, पुन्हा शून्यावर जाऊं द्यावयाचा नाहीं. म्हणजे ती वस्तु कायमची अडकून पडेल, पण घर परक्याच्या हातीं जाणार नाहीं. मोठ्या अनर्थापेक्षां लहान गळती बरी, हा निवाडा तेथील शहाण्यांनीं जाणूनबुजून केला आहे, आणि गळतीविरुद्ध इतकें लिहूनहि तो मला मान्य आहे.

आतां ज्या वादांत मला माझें मत द्यावयाचें आहे त्याकडे येतों. जगांतील अशा दोषांस क्रमांक देण्याची सीव्हीई नांवाची सार्वजनिक नोंदवही १९९९ पासून चालू आहे. २०१९ सालीं ड्रायव्हरांतील पुष्कळशा बारीक गळत्या तींत नोंदल्या गेल्या, तेव्हां जाणत्यांपैकीं कांहींनीं आक्षेप घेतला. सीव्हीई-२०१९-१९०६४ ह्या नोंदीखालीं तर तो आक्षेप कायमचा लिहून ठेवलेला आहे: हा दोष उपकरण प्रथम ओळखलें जातें त्या क्षणीं घडणारा आहे, त्या वेळीं अपयश घडवून आणणें बाहेरच्या हल्लेखोराच्या हातीं नसतें, तेव्हां ह्याला असुरक्षितता म्हणणें योग्य नाहीं. फेब्रुवारी २०२४ पासून लिनक्सच्या गाभ्याचे राखणदार स्वतःच असे क्रमांक देऊं लागले आणि ते मोकळ्या हातानें देतात; ह्या क्रमांकांची संख्या हजारोंच्या घरांत गेली आहे. ज्यांना शेंकडों संगणकांची देखभाल करावयाची आहे ते म्हणतात कीं एवढ्या नोंदींत खरें संकट कोणतें आणि किरकोळ कोणतें हें निवडतां निवडतां आमचे डोळे फुटले.

त्यांची तक्रार खोटी नाहीं. १९०६४ च्या बाबतींत आक्षेप घेणाऱ्यांचें म्हणणें मला तर्कास धरून वाटतें, आणि फुटलेल्या घागरीसाठीं व ठिबकणाऱ्या नळासाठीं सारखीच आरोळी ठोकणाऱ्या पहारेकऱ्याचें पुढें कोणी ऐकत नाहीं हेंहि मी जाणतों. वर्गांत प्रत्येक चुकीस सारखीच शिक्षा करणारा शिक्षक थोड्याच दिवसांत निष्प्रभ होतो. हें मी स्वानुभवानें सांगतों. तरी नोंद करण्याच्या बाजूनेंच माझें मत आहे. ज्यानें ती ओळ लिहिली त्याला ती कोठें कोठें वापरली जाईल हें ठाऊक नसतें. तोच गाभा शाळेंतल्या जुन्या संगणकांत, तोच शेतकऱ्याच्या भ्रमणध्वनींत, तोच एखाद्या रुग्णालयांतील यंत्रांत. एका घरीं जें अपयश कोणी घडवूं शकत नाहीं तें दुसऱ्या घरीं सैल झालेल्या तारेनें रोज घडत असेल. शिवाय किल्ल्यांच्या जुडग्याची गळतीहि पाहणाऱ्यास प्रथम क्षुल्लकच वाटली असती. आरोळी लहान-मोठी असावी, पण वहींत ओळ पडावी. कोणती आधीं बुजवावयाची हा विचार नोंद झाल्यानंतरचा आहे; जी नोंदलीच नाहीं तिच्याविषयीं विचार तरी कसा करणार?

पण माझी खरी तक्रार त्या दूरच्या वादांत नसून आपल्या वर्गाविषयीं आहे. आपण मुलांना संगणकाला आज्ञा लिहिण्यास शिकवितों तें सारें सरळ वाटेचें शिक्षण असतें. फाइल उघडा, वाचा, उत्तर छापा. उत्तर बरोबर आलें कीं पूर्ण गुण. फाइल सांपडलीच नाहीं तर काय, अर्धी वाचून झाल्यावर वीज गेली तर काय, दोन वस्तु घेतल्या आणि तिसरी मिळाली नाहीं तर पहिल्या दोहोंचें काय, हें आपण विचारीत नाहीं, आणि प्रश्नपत्रिकाहि विचारीत नाहीं. लिनक्सच्या चांगल्या लेखकांची एक जुनी रीत मला फार आवडते. प्रत्येक गोष्ट ज्या क्रमानें घ्यावयाची तो क्रम वर लिहितात आणि मजकुराच्या तळाशीं ती उलट क्रमानें परत करण्याच्या पायऱ्या लिहितात. तिसरें मागतांना अडलें तर दुसऱ्याच्या पायरीवर उतरावयाचें आणि तेथून खालीं येत येत दुसरें, मग पहिलें परत करून बाहेर पडावयाचें. विहिरींत उतरलेला मनुष्य ज्या पायऱ्यांनीं उतरला त्यांवरूनच वर येतो, तसें. २००७ पासून गाभ्यांत आणखी एक सोय आहे: उपकरणाच्या नांवानें घेतलेल्या वस्तूंची यादी कारभारी स्वतः ठेवतो आणि काम फसलें किंवा उपकरण निघून गेलें कीं ती सारी स्वतःच परत घेतो. ही सोय उत्तमच आहे. परंतु सर्वच गोष्टी तिच्या कक्षेंत बसत नाहींत. आणि ज्याला पायऱ्या उतरतां येत नाहींत त्यानें केवळ सोयीवर विसंबून राहणें मला पसंत नाहीं. ह्या वर्षीं नववीच्या वर्गांत मीं एक प्रश्न घातला: तुमचा कार्यक्रम तिसऱ्या पायरीवर फसला असें समजा, आणि त्या क्षणीं कोणकोणत्या वस्तु तुमच्या नांवावर आहेत त्या लिहा. सरळ वाट बिनचूक लिहिणाऱ्या हुशार मुलांपैकीं बरेच येथें अडखळले. आपल्या गांवचीं हीं मुलें उद्यां नाशिक-पुण्यास जाऊन अशींच कामें करणार आहेत, म्हणून हें सांगितलें.

त्या कोपऱ्यांतील संगणकाचें पुढें काय झालें तें सांगावयाचें राहिलें. प्रश्न विचारणाऱ्या मुलीला व तिच्या दोन मैत्रिणींना मीं त्याच्या तपासाचें काम दिलें. लिनक्समध्यें मेमइन्फो नांवाची एक फाइल असते. गाभ्यानें स्वतःसाठीं किती जागा धरली आहे आणि त्यांतील किती परत मिळण्यासारखी नाहीं हें तींत दिसतें. दर तासाच्या घंटेला ते आंकडे वहींत उतरवावयाचे आणि आठवडाभर कोणीहि यंत्र बंद करावयाचें नाहीं, मीहि नाहीं, असें ठरलें. न परत होणारा आंकडा रोज चढत गेला. चौथ्या दिवशीं मुलींच्या ध्यानांत आलें कीं तो सारखा चढत नाहीं. ज्या तासाला बिनतारी जाळें पुन्हा पुन्हा तुटतें-जुळतें त्या तासाला अधिक चढतो. मग तें बोटाएवढें बिनतारी उपकरण काढून तार जोडली. आंकडा जेथें होता तेथेंच थांबला. त्या उपकरणाच्या ड्रायव्हरचा मजकूर आम्हीं अद्याप वाचलेला नाहीं, त्यामुळें चूक अमुक ओळींत आहे असें म्हणण्याचा अधिकार आम्हांस नाहीं. तो वाचण्याचें काम मुलींनीं दिवाळीच्या सुटीनंतर अंगावर घेतलें आहे आणि त्यांच्यापुरती मला सी भाषा नव्यानें घोकावी लागत आहे.

संगणककक्षाच्या दाराशीं आतां एक वही दोरीनें टांगलेली आहे. कोणतेंहि यंत्र बंद करून चालू केलें तर तारीख, वेळ व कारण तींत लिहावयाचें असा नियम आहे. पहिल्या पानावरच्या पहिल्या तीन नोंदी माझ्या आहेत, आणि तिसरीच्या कारणाच्या रकान्यांत त्या मुलीनें पेन्सिलीनें एक प्रश्नचिन्ह काढून ठेवलें आहे.